लोखंडाला न बोलणारं यंत्र

"आता ऐका," मयेकर म्हणाले आणि यंत्राची थाळी त्यांनी अंगणातल्या वाळूवरून हळूच फिरवली.

मी हेडफोन कानांवर दाबून धरले. काही ऐकू आलं नाही.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"तेच तर ऐकवायचं होतं." त्यांनी चपलेच्या टोकाने वाळू बाजूला केली. खाली बोटाएवढा जाड, गंजलेला खिळा होता. "आमच्या किनाऱ्यावर होड्यांचे खिळे इतके पडलेत, की साधं यंत्र घेऊन गेलात तर डोकं उठेल. हे लोखंडाला बोलतच नाही. याच्यात गाळणी आहे. खिळा, पत्रा, बाटलीचं बूच, सगळा कचरा गाळायचा आणि कामाचं तेवढं ऐकायचं."

मग त्यांनी शेजारी पुरलेल्या जुन्या रुपयावरून थाळी नेली. कानात स्वच्छ, गोल सूर वाजला आणि छोट्या पडद्यावर आकडा उमटला.

मी तेव्हा कराडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. सुट्टी मिळाली की कोकणात यायचं आणि किनाऱ्यावर चालत राहायचं, एवढाच माझा विरंगुळा. एकदा एका पर्यटकाची वाळूत हरवलेली गाडीची चावी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अशा धातू शोधायच्या यंत्राने शोधून देताना पाहिलं. न उकरता खाली काय आहे ते कळतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ते गृहस्थ म्हणजे रत्नाकर मयेकर. जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, निवृत्त होऊन गुहागरच्या दक्षिणेला आपल्या गावी राहत होते. त्यांच्याकडे दोन यंत्रं होती. पाठ धरायला लागल्यामुळे एक द्यायचं होतं. कुठलं, ते मी ठरवायचं होतं.

दुसरं यंत्र पायरीला टेकवून ठेवलं होतं. चेपलेली पेटी, दांड्याला गुंडाळलेली चिकटपट्टी.

"आणि हे?"

"तो भुंक्या." मयेकर हसले. "पान हललं तरी भुंकतो. आपल्याकडची काळी वाळू तर त्याला सहनच होत नाही. घेऊन जायचंच असेल तर कानात बोळे घालून जा."

"त्याला गाळणी नाही?"

"त्याला काहीच नाही. अक्कलही नाही."

पडवीतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मालकावर गेलाय."

पडवीत त्या नारळ खवत होत्या. सून तेजल कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिची दोन वर्षांची जुई चटईवर खेळत होती. चटईपाशीच मयेकरांनी माझ्यासाठी काढलेलं ताट होतं. त्यात यंत्राला ऐकवायची जुनी नाणी, एक पितळी कडी, चांदीचं जोडवं असं मांडून ठेवलेलं. ते ताट तिथे का होतं, हे नंतर सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. त्या वेळी कुणाला काही वाटलं नव्हतं. मला तर नाहीच.

मी हेडफोन काढले तेव्हा जुई ओकारी काढत होती.

तेजलने तिला उचलून पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. तोंडात बोट घालून पाहिलं. लाळेशिवाय काही आलं नाही. पोर रडली, मग तिचा श्वास नीट लागला, पण तोंडातून लाळ गळत राहिली.

"काय घातलंन तोंडात?" काकू खवणीवरून उठल्या.

मयेकर ताटाशी वाकले. "रुपये तीन ठेवले होते मी. एक पुरलाय. इथे एकच आहे."

तेजलचा चेहरा पांढरा पडला.

"नाणं गिळलंन," काकू म्हणाल्या. "घाबरू नको गो. तुझ्या नवऱ्यानेपण गिळलं होतं चार आणे. दोन केळी घातली, सकाळी बाहेर. मी केळं आणते."

"थांब," मयेकर म्हणाले. "आधी बघू तरी, गेलंय का." आणि त्यांनी नवं यंत्र उचललं.

त्यांनी ते फार पद्धतशीर केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. जुईचे वाळे काढायला लावले, मनगट्या काढल्या, कमरेचा चांदीचा करदोटा सोडवला. तेजलला बांगड्या उतरवून दूर ठेवायला सांगितल्या. पोरीला लाकडी पाटावर निजवलं. पहिल्यांदा उरलेला रुपया स्वतःच्या तळव्याखाली धरून यंत्र वरून फिरवलं. तोच स्वच्छ सूर. मग थाळी जुईच्या अंगावरून नेली. गळा, छाती, पोट. परत उलटी, पोटापासून गळ्यापर्यंत.

यंत्र गप्प.

"नाही," ते म्हणाले. "रुपया पोटात नाही. असता तर बोललंच असतं."

तेवढ्यात तेजलने घड्या घातलेले कपडे उचलले आणि रुपया टणकन जमिनीवर पडला.

मग सगळे हसले. तेजल हसता हसता रडली. काकूंनी नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. "खेळणी तुमची आणि जीव जातो आमचा. साठी उलटली, आता तरी वाळूतून बाहेर या." मयेकर रुपया खिशात टाकत म्हणाले, "पण यंत्र बघितलंस ना? डॉक्टरकडे न जाता निकाल." माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मॅडम, याहून चांगली जाहिरात मला करता येणार नाही."

चहा आला. मी तो घेतला. दोन्ही गोष्टी जुळत होत्या. नाणं सापडलं होतं आणि यंत्र गप्प होतं. जुई आईच्या मांडीवर शांत बसली होती. तिच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. तेजलने तिच्या ओठांना दुधाची वाटी लावली, तर तिने मान फिरवली.

"दाढा येतायत," काकू म्हणाल्या.

मी कप ठेवायला जागा शोधत होते. पडवीच्या कठड्यावर प्लास्टिकच्या पणत्या मांडलेल्या होत्या, दिवाळीत घेतलेल्या, बटण दाबलं की वात लुकलुकणाऱ्या. एक चटईवर आडवी पडली होती. मी ती उचलून ओळीत ठेवायला गेले. तिच्या बुडाचं झाकण नव्हतं. आत दोन चकचकीत पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये गोल, रिकामी जागा.

मी ती पणती हातात धरून उभी राहिले.

लोकांना वाटतं सेल पोटात फुटतो आणि विष बाहेर येतं. तसं होत नाही. फुटावं लागतच नाही. तो चपटा सेल ओल्या मांसाला टेकला की त्याच्या दोन बाजूंमधून वीज वाहू लागते, आणि एका बाजूला क्षार तयार होतो, मोरी साफ करायच्या सोड्यासारखा. शांतपणे, काही आवाज न करता, जिथे अडकला असेल तिथे. हे मी वर्गात फळ्यावर समीकरण लिहून शिकवलं होतं. कुणाच्या गळ्यासंबंधी कधी नाही.

"तेजल," मी म्हटलं, "या पणतीत सेल होता का?"

"असेल. का हो?"

"आज होता का?"

तिने पणतीकडे पाहिलं. "काय माहीत. दिवाळीपासून त्या तशाच पडल्यात. सकाळी तीच खेळत होती त्यांच्याशी."

"मॅडम," मयेकर म्हणाले, "सेल काय, धातूच. असता तर बोललं असतं. आत्ताच बघितलंत."

मी बोलणारी बाई नाही. परक्या घरात तर नाहीच. खोटी ठरले तर हसं होईल, एवढीच भीती असती तर निभावलं असतं. त्यांचा नुकताच जागेवर आलेला जीव मी पुन्हा काढून घेणार होते, आणि तोही केवळ एका रिकाम्या जागेकडे बघून. मी पुन्हा चटई चाचपली. कठड्याखाली वाकून पाहिलं. कपडे झटकले. तो सेल मला कुठेतरी सापडावा म्हणून मी जे मनात म्हणत होते, त्याला प्रार्थनाच म्हणायला हवं. काकूंनी केळं सोललं आणि जुईच्या तोंडाशी नेलं.

मी काकूंचं मनगट धरलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी इतकं घट्ट धरलं होतं की केळ्याचा तुकडा मोडून खाली पडला.

"काही देऊ नका तिला," मी म्हटलं. "एक मिनिट. काका, एक बघायचंय."

दुसऱ्या पणतीचं झाकण मला नखाने उघडेना. मयेकरांनीच ते उघडून सेल माझ्या हातात ठेवला. मी तो तळव्याखाली धरला, त्यांनी मघाशी रुपया धरला होता तसाच.

"आता यावरून फिरवा."

त्यांनी थाळी फिरवली. यंत्र गप्प. त्यांनी पुन्हा फिरवली, अगदी माझ्या बोटांना घासून. मी मूठ उघडून दाखवली. सेल तिथेच होता.

"कवच पोलादाचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही लोखंड गाळलंय."

मयेकर वाकून गाळणीचं बटण शोधू लागले. एरवी डोळे मिटून चालवायचे ते यंत्र; त्या दिवशी त्यांना ते बटण सापडेना. मी पायरीपाशी गेले आणि भुंक्या उचलला.

"अहो, तो कशावरही ओरडतो," काकू म्हणाल्या. "त्याचं काय खरं धरायचं?"

"एकेक काढून टाकत जाऊ," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

आधी मी तो रिकाम्या पाटावरून नेला. आवाज नाही. तेजलने जुईला पाटावर निजवलं. मी थाळी तिच्या पायांवरून वर आणू लागले. गुडघे. पोट. काही नाही. तेजल सुटकेचा श्वास टाकणार होती, मला तो भरलेला श्वास दिसत होता. थाळी छातीच्या वरच्या भागापाशी आली आणि यंत्र केकाटलं.

"पिन आहे तिच्या झबल्याला," काकू चटकन म्हणाल्या. "मागे पिन लावलीय."

तेजलने झबलं काढलं. पिन निघाली. काकूंच्या तोंडावर जे उमटलं त्याच्याकडे मला बघवेना. मी पुन्हा थाळी आणली.

ते तिथेच केकाटलं. गळ्याखालच्या दोन हाडांच्या मधल्या खळग्याखाली, त्याच जागी. मी बाजूला नेलं की गप्प, परत आणलं की ओरडायचं. जुईला गंमत वाटली असावी. ती लाळ गाळत हसली आणि तिने थाळीकडे हात केला.

"पाटाला खिळा असेल," तेजल म्हणाली. तिलाही ठाऊक होतं की पाट आम्ही आधीच बघितलाय. "बाबा, सांगा ना. खिळा असेल ना?"

"तेजल," मयेकर म्हणाले, "चप्पल घाल."

गावातल्या डॉक्टरांना मी फोन लावला. मी पुरतं सांगायच्या आतच ते म्हणाले, थांबू नका, चिपळूणच्या बाजूला जिथे गिळलेलं दुर्बिणीने काढतात त्या हॉस्पिटलात थेट न्या, मी कळवून ठेवतो. उलटी करवू नका. खायला काही नको. घरात मध असेल तर तेवढा वाटेत थोड्या थोड्या वेळाने चमचाभर चाटवा, त्याने जळणं मंदावतं, पण मधासाठी गाडी थांबवू नका.

मधाची बाटली काकूंनी आणून दिली. गाडीत जागा होती, पण त्या बसल्या नाहीत. अर्धं केळं हातात धरून पायरीवर बसून राहिल्या.

मयेकरांची जुनी व्हॅन होती. मागे तेजल जुईला घेऊन, शेजारी मी चमचा घेऊन. रस्ता वळणांचा. चमच्यातला मध माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पहिला चमचा जुईने गिळला. दुसऱ्याला तोंड वाकडं केलं. तिसरा तिने घेतला आणि तसाच तोंडातून बाहेर येऊ दिला.

"गिळ ना गो बाय," तेजल म्हणत होती. "गिळ ना."

मयेकर आरशातून मागे बघत होते. "काय करतेय?"

"रस्ता बघा, बाबा."

"रडत का नाही ती? मॅडम, ती रडत का नाही?"

मलाही तेच कळत नव्हतं. रडली असती तर बरं वाटलं असतं. मी तिच्या तोंडाशी कान नेला. मधाचा वास आणि एक बारीक, ओला घरघर आवाज. तो येतोय तोवर ठीक आहे, असं मी मनाशी धरलं आणि पुढचा सगळा रस्ता तो ऐकत वाकून बसले. व्हॅन खड्ड्यात आपटली की तो ऐकू यायचा नाही, आणि परत ऐकू येईपर्यंत मी श्वास घ्यायचे नाही.

एक्स-रे लगेच झाला. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला. बरगड्यांच्या वर, मधोमध, शुभ्र गोल ठिपका.

"नाणं नव्हे," त्या म्हणाल्या. "ही कड बघा. आतून आणखी एक कड आहे. नाण्याला अशा दोन नसतात." मग वळून विचारलं, "किती वेळ झाला?"

तेजल माझ्याकडे बघू लागली. मी काही म्हणायच्या आत मयेकर म्हणाले, "आम्ही मध्ये चहा प्यायलो. त्याच्या आधीपासून."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला आणि त्या जवळजवळ पळतच आत गेल्या.

सेल निघाला. छोट्या बाटलीत घालून त्यांनी तो आम्हाला दाखवला. एक बाजू चकचकीत, दुसरी काळी पडलेली. तेजलने हात जोडले. डॉक्टरांनी हात जोडले नाहीत.

"सेल निघालाय, पण जळलंय आत," त्या म्हणाल्या. "किती खोल, ते आज कळत नाही. अन्ननळीच्या पुढेच श्वासनळी असते. जळालेली जागा पुढच्या दिवसांत विरत गेली, तर मध्ये भोक पडू शकतं. नाकातून नळी घातलीय, तोंडाने थेंबही द्यायचा नाही. जखम भरली की पाणी देऊन बघू. पाणी पिताना ठसका लागला, तर समजायचं की वाट फुटलीय."

मी कराडला गेले आणि तास घेऊन कुंभार्ली घाटाने परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. त्या दिवसांत वर्गात कुणी खोकलं की माझा खडू थांबायचा.

एका दुपारी मी आणि मयेकर बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यांची दाढी वाढली होती.

"ते गाळणीचं यंत्र मी विकणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला तरी नाही."

"यंत्राची काय चूक?"

"यंत्राची नाहीच. मी विचारलं, रुपया आहे का. ते म्हणालं नाही. बरोबरच सांगितलंन." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मी जन्मभर जहाजावर कान देऊन बसलो, मॅडम. खरखर बाजूला सारायची आणि कामाचं ऐकायचं. तीच सवय. मध चाटवायचा तो वेळसुद्धा मी चहात वाया घालवला."



"मला भुंक्या द्या," मी म्हटलं.

"डोकं उठेल तुमचं."

"उठू दे."

ते पहिल्यांदा थोडेसे हसले. तेवढ्यात नर्स दारात आली आणि म्हणाली, "आजोबा, पाणी देऊन बघतायत. येताय?"

खोलीत डॉक्टर होत्या, तेजल होती. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. जुई उशीला टेकून बसली होती, हडकलेली, नाकात नळी, डोळे चमच्यावर. इतक्या दिवसांत तिने पाणी बघितलं होतं, पण तिला ते दिलं नव्हतं.

तेजलने चमचा सासऱ्यांच्या हातात दिला. मयेकरांनी तो जुईच्या ओठांना लावला.

पाणी आत गेलं. तिने तोंड मिटलं. कातडीखालून गळ्याची छोटी गाठ वर गेली, क्षणभर तिथेच थांबली आणि खाली आली.

ठसका लागला नाही.

तरी कुणी हललं नाही. डॉक्टर स्टेथोस्कोप तिच्या पाठीला लावून ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. काकूंनी डोळे मिटले होते. मयेकर रिकामा चमचा हवेत धरून वाकलेलेच राहिले, कान तिच्याकडे करून. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याची चाकं लांबपर्यंत वाजत गेली. मी जुईच्या गळ्याकडे बघत होते. अजून लागेल, आत्ता लागेल.

जुईने चमच्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे. आणि इतक्या दिवसांच्या न वापरलेल्या, खरखरीत आवाजात ती म्हणाली, "आनखी."